गाठ म्हणू नका

मराठीतल्या ‘गाठ’ या शब्दावर माझा जुना राग आहे. वाटेत माणूस भेटलं की गाठ पडते, लग्नात गाठ बांधतात, विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारतात, आणि दोन भावांचं बिनसलं की मनात गाठ बसते. इतक्या ठिकाणी राबवलेला शब्द आम्ही डॉक्टर लोक अंगावरच्या गोळ्यालाही वापरतो आणि वर अपेक्षा करतो की ऐकणाऱ्याला नेमकं कळावं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नवा होतो. नवा म्हणजे तापट आणि स्वतःला हुशार समजणारा. हुशारी पुढे कमी झाली, तापटपणा तसाच राहिला. भातकापणी उरकली होती तेव्हा चौक गावाच्या बाजूच्या एका खेड्यातला शेतकरी आपल्या सुनेला बैलगाडीत घालून घेऊन आला. सून विशीची. तिची दीड वर्षांची मुलगी अजून अंगावर पीत होती आणि मी तपासत होतो तेव्हाही आईचं बोट सोडत नव्हती. सुनेच्या डाव्या काखेखाली, बरगडीवर, लिंबाएवढा टणक गोळा होता. तसाच एक लहान कानामागे. दाबला तरी दुखत नव्हता. बारीक ताप होता. चेहरा पांढराफटक, आणि हिरड्यांतून मात्र रक्त येत होतं.

मी म्हटलं, गंडमाळा. आयोडीन लावलं, माशाचं तेल दिलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. पंधरा दिवसांत लिंबाचा पेरू झाला. मग मी म्हटलं, गळू. गळू म्हटलं की कापायचं, इतकं ते सोपं असतं. जागा बधिर करून चीर दिली. पू आलाच नाही. आत घट्ट मांस होतं आणि ते हिरवं होतं.

हिरवं म्हणजे कैरीची साल काढल्यावर खाली दिसतो तसा फिका हिरवा रंग. मी कंपाउंडरला हाक मारली. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, आणि माझ्याआधीचे दोन डॉक्टर आपणच घडवले असं तो सगळ्यांना सांगत असे. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “हिरवं हाय.” मी एक तुकडा काढून बशीत ठेवला, टाके घालायला वळलो. टाके घालून पुन्हा पाहतो तर बशीतला तुकडा मळकट पांढरा.

“मघाशी हिरवा होता ना?” मी विचारलं.

“तुमी म्हणाला म्हणून मी पण म्हणालो,” कंपाउंडर म्हणाला.

तुकडा फॉर्मलीनच्या बाटलीत घातला. बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरला, वाळवला, आणि दोन्ही मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तपासायला धाडून दिली. रंगाचंही लिहिलं. एवढं झाल्यावर सासरा दारात थांबून म्हणाला, “घरी इचारतील, डाक्टर. काय सांगू?” त्याच्या मागे व्हरांड्यात तीस माणसं खोकत बसली होती. मी म्हटलं, “सांगा, गाठ आहे. ताप आहे. मुंबईचा कागद आला की बोलू.”

गाठ आणि ताप. गाठीचा ताप म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला विचारायला नको. प्लेग. प्रत्येक घरातलं एकतरी माणूस त्यात गेलेलं. मला हे ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण माझी सख्खी आत्या गाठीच्या तापानं गेली होती. ठाऊक असून माझी जीभ चालली. सासरा बिचारा घरी जाऊन शब्दाला शब्द तेच बोलला.

चार दिवसांत गाव रिकामं झालं. प्लेग आला की घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचं, ही जुनी रीत लोकांच्या अंगात मुरलेली होती. त्यातच कुणाच्या तरी कणगीत मेलेला उंदीर सापडला. भातानं भरलेल्या कणगीत उंदीर नाही मरणार तर काय हत्ती मरणार? पण झालं, शिक्कामोर्तब झालं. सुनेला तर माळावरही जागा मिळाली नाही. ओढ्यापलीकडे कारवीच्या कुडाचं, पेंढ्यानं शाकारलेलं एक खोपट तिला एकटीला घालून दिलं. मुलगी सासूकडे. ओढा ओलांडून कुणी जायचं नाही, भाकरी दगडावर ठेवून परत फिरायचं.

हे मला कळलं ते तालुक्याच्या कचेरीतून आलेल्या कागदावरून. आपल्याकडे प्लेगचा रोगी येऊन गेला असता वर्दी का दिली नाही, याचा खुलासा करावा! मी खुलासा केला नाही, सायकल काढली.

माळावर पोलीस पाटील भेटला आणि आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टरही लस टोचायचं सामान घेऊन आला होता. मी सायकलवरून उतरायच्या आधीच ओरडलो, “हा प्लेग नाही.”

“मग गाठ कशापायी म्हणालात?” पाटील म्हणाला.

“गाठ म्हणजे नुसती गाठ.”

“ताप पण म्हणालात.”

“ताप म्हणजे नुसता ताप!”

पाटलानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “नुसती गाठ आन् नुसता ताप मिळून काय व्हतं ते माझ्या बापानं बघितलंय, डाक्टर.”

मी इन्स्पेक्टरकडे वळलो. प्लेगचा माणूस आठवड्यात आटोपतो, ही बाई महिनाभर दुखण्याशी झगडत भाकरी खातेय, एवढं तरी कळतं की नाही? त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “अमुक रोग नाही, असं लिहिलेला कागद वर चालत नाही, डॉक्टर. काय आहे ते लिहून द्या. नाव द्या, मी आजच्या आज सगळ्यांना घरी पाठवतो.” त्याचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. नाव माझ्याकडे नव्हतं. दोन नावं देऊन दोन्ही वाया घालवली होती.

ओढा ओलांडून गेलो. ती खोपटाच्या तोंडाशी बसली होती. पलीकडच्या काठावर सासूच्या कडेवर तिची मुलगी अंग टाकून रडत होती आणि इकडे हिची चोळी दुधानं भिजली होती.

“डाक्टर, ह्याला काय नाव हाय ते लवकर सांगा,” ती म्हणाली. “नाव सांगितल्याबिगर पोर माझ्याकडं येऊ देत नायत.”

मी तिच्यावरच खेकसलो की हिरड्या मिठाच्या पाण्यानं धुतेस की नाही. ती म्हणाली, धुते. याची मला आजही लाज वाटते.

तिला ओढ्यापलीकडे ठेवल्याच्या दहाव्या दिवशी मुंबईचा कागद आला. रक्तात विशेष दोष नाही. तुकडा लहान, मांसाची वाईट वाढ दिसते, पण जात सांगता येत नाही. हिरवा रंग आढळला नाही. या शेवटच्या वाक्याखाली कुणीतरी रेघ मारली होती. मी कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ केला, कारण तो फायलीला लावावा लागणार होता.

त्याच दिवशी मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या गुरुजींना सगळं लिहिलं. ते जन्मभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले, आणि माझ्याहून तापट. उलट टपाली कार्ड आलं. कापल्यावर हिरवं, पू नाही, हिरड्यांतून रक्त, आणि तरी तुम्हाला सुचत नाही? क्लोरोमा. मी शिकवला होता, तुम्ही त्या दिवशी वर्गात झोपला असाल. ल्युकेमियाच्या पेशी हाडांच्या मगजाबाहेर येऊन कधी कधी मांसात गोळा होऊन बसतात, आणि रक्त बिघडायच्या आधीसुद्धा बसतात. रंग हवेनं उडतो. ताज्या तुकड्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, परततो. रक्त पुन्हा तपासा. एकदा चांगलं निघालं म्हणून विश्वास ठेवू नका.

पेरॉक्साइड! लोकांचे कान धुवायला आम्ही ते रोज वापरत होतो. पहिल्या दिवशी तुकडा पांढरा पडला तेव्हा बाटली बशीपासून हातभर अंतरावर उभी होती.

कंपाउंडरला घेऊन पुन्हा गेलो. पुन्हा कापावं लागेल, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “कापा. पर ह्या टायमाला नीट बघा.”

खोपटाबाहेर उन्हात बसवून कापलं. पाटील, इन्स्पेक्टर आणि सासरा ओढ्याच्या गावाकडच्या काठावर उभे होते. मी ओरडलो, “इकडे या! तोंडानं प्लेग म्हणता ना, मग डोळ्यांनी बघा!” सासरा पहिला आला. मग लाजेकाजेनं दुसरे दोघे. तुकडा बशीत ठेवला.

“हिरवं हाय,” कंपाउंडर म्हणाला. “आता माझं मी म्हणतोय.”

आम्ही पाच माणसं बशीभोवती उकिडवी बसून रंग उडायची वाट पाहत होतो. उडाला. मग मी वर पेरॉक्साइड सोडलं. फेस आला, फेस बसला, आणि त्याखाली तो हिरवा रंग हळूहळू पुन्हा उमटला.

“पिलेगात असं नसतं,” पाटील गंभीरपणे म्हणाला, जणू शोध त्यानंच लावला होता.

“इख तर नाय ना चारलं कुणी?” सासऱ्यानं विचारलं.

म्हणजे आगीतून फुफाट्यात! मी बशी खाली ठेवली आणि शक्य तितक्या हळू बोललो. विष नाही, प्लेग नाही, कुणाला लागत नाही. रक्ताचा रोग आहे, तो मांसात येऊन बसलाय. आणि हात जोडतो, पुन्हा गाठ म्हणू नका. दुपारी दवाखान्यात परतून तिच्या बोटाचं नवं रक्त रंगवलं आणि या खेपेला मुंबईला न धाडता माझ्याच जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. एवढ्या दिवसांत ते बदललं होतं. जिकडे पाहावं तिकडे मोठ्या, कच्च्या पेशी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ओळखलं, याचा आनंद झाला. मग आठवलं की ओळखून करायचं काय, ते माझ्याकडे नाही आणि मुंबईतही नाही.

कागदावर नाव लिहून दिलं. इन्स्पेक्टरनं वाचलं, स्पेलिंग विचारून घेतलं, आणि दिलेला शब्द पाळला. दिवस मावळायच्या आत लोक भांडीकुंडी घेऊन घरी परतले. ओढ्याच्या अलीकडे सासूनं मुलीला खाली सोडलं. ती पाण्यातूनच धावली.

मुंबईला क्ष-किरण देतात, त्यांनी गोळे बसतात, रोग बसत नाही, असं मी सुनेला सरळ सांगितलं. तिनं विचारलं, पोर बरोबर नेता येईल का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग नको.

त्यानंतर ती सव्वीस दिवस जगली. त्याआधीचे सतरा दिवस तिनं ओढ्यापलीकडे काढले होते. पहिले दहा मुंबईच्या कागदाची वाट पाहण्यात गेले, बाकीचे माझ्या अज्ञानात, आणि मुळात सगळेच माझ्या एका शब्दानं खाल्ले. हा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडला, दरवेळी तोच येतो.

सासरा सांगायला आला तेव्हा व्हरांडा नेहमीसारखाच भरलेला होता. तो आत येऊन उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही.

“सून गेली, डाक्टर. पोर कुशीतच व्हती.” मग म्हणाला, “पाटलानं इचारलं, नोंदीला काय लिवू, कशानं गेली. मी गाठ नाय म्हणालो. रक्तानं गेली म्हणालो. बरोबर हाय ना?”

मी म्हटलं, बरोबर आहे.

तो गेला. पुढचा रोगी आत आला, आणि त्यानं काही सांगायच्या आधीच मी त्याच्यावर ओरडलो.