सर्व्हर खोलीतला उन्हाळा

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी तिथल्याच एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात कॉम्प्युटर विभागात होते. बँकेच्या शाखा लातूर आणि नांदेड अशा दोन्ही जिल्ह्यांत होत्या. मुखेडला, धर्माबादला, निलंग्याला कुणी पैसे भरले किंवा काढले, की त्याची नोंद लगेच आमच्याकडच्या एका मशीनवर उमटायची. ते मशीन, म्हणजे सर्व्हर, पहिल्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत होतं. ते तापू नये म्हणून त्या खोलीतला एसी अखंड चालायचा. लाइट गेली तर जनरेटरवर.

त्यामुळं झालं असं, की अख्ख्या इमारतीत गार अशी तेवढीच एक जागा उरली. कूलर होते, पण कूलरमध्ये ओतायला पाणी कुठलं? शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी पोलीस उभे होते. लोक घागरींवरून एकमेकांच्या अंगावर जात होते. मग दुपार झाली की एकेक जण सर्व्हर खोलीत यायला लागला. हिशोब विभागातल्या बायका डबे घेऊन यायच्या. एखादे संचालक आले तर आम्ही त्यांना आमची खुर्ची द्यायचो. मोठ्या साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर तर तिथलाच झाला होता. औशाकडचा, अंगानं भरलेला, बोलायला गोड माणूस. "काश्मीरला आलो बघा मॅडम," असं म्हणून तो भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायचा. उन्हातून आलेल्या माणसाला बाहेर जा म्हणायला माझी जीभ रेटत नसे.

विभागात आम्ही दोघंच. मी आणि आमचे विभागप्रमुख. त्यांना मी सर म्हणायचे. ते किल्लारीजवळच्या एका गावचे, शेतकरी घरातले. भूकंपात त्यांचं घर पडलं तेव्हा ते शाळेत होते. मोठा आवाज झाला की ते अजूनही बसल्या जागेवरून उठायचे, पण एरवी त्यांना कशाची फिकीर नसे. मी मुखेडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, निवृत्त झालेले. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, वडील शिकले, आणि घरातली पहिली इंजिनिअर मी. नोकरी लागली तेव्हा मुखेडला आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

एप्रिल संपत आला होता. एके सकाळी आमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा मेल आला. सगळ्या ग्राहक बँकांना पाठवलेला, इंग्रजीतला, दोन परिच्छेदांचा. मी तो आधी भराभर वाचला, मग सावकाश वाचला, आणि तिसऱ्यांदा शब्द न शब्द वाचला.

मेलमध्ये होतं ते सोप्या भाषेत असं. आमचं सॉफ्टवेअर सुरू होताना एका फोल्डरमधून आपल्या मदतीचे छोटे प्रोग्राम उचलायचं आणि सर्वात वरच्या अधिकारानं चालवायचं. ते प्रोग्राम कुणी ठेवलेत हे ते बघायचं नाही. आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा चुकून सगळ्यांनाच राहिली होती. एखादे साहेब ट्रेमध्ये असेल त्या कागदावर न वाचता सही करत असतील, आणि तो ट्रे व्हरांड्यात ठेवलेला असेल, तर जे होईल ते. इंटरनेटवरून बाहेरच्या कुणाला हे करता येत नव्हतं. पण ज्याला त्या मशीनपुढं बसून साध्यातल्या साध्या लॉगिन-नावानं आत शिरता येईल, त्याला तिथं आपला प्रोग्राम ठेवता आला असता. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर सुरू झालं की अख्खी बँक त्याच्या हातात.

मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"बाहेरून न्हाई ना येत कुणी?"

"नाही सर. आतून."

"मग झालं तर. आत कोण हाय? तुमी आन् मी." ते हसले. हसता हसता त्यांची नजर त्या खोलीच्या काचेच्या दाराकडं गेली. आत ड्रायव्हर बसला होता. दोन बायका होत्या. जनरेटरवाला कोपऱ्यात पेंगत होता. आणि मशीनचं साधं नाव आणि पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवलेला होता. आम्हीच चिकटवलेला. सगळी कामं त्याच एका नावानं व्हायची.

"जरा बघून घ्या तो फोल्डर," सर हळूच म्हणाले आणि साहेबांनी बोलावलं म्हणून वर गेले.

मी आत जाऊन बसले. माझ्यामागं बायकांचं लेकीच्या लग्नाबद्दल बोलणं चाललं होतं. मी फोल्डर उघडला. मेलसोबत आलेल्या कंपनीच्या यादीत जेवढ्या फायली होत्या त्यापेक्षा तिथं एक जास्त होती. नाव अगदी बाकीच्यांसारखं. ठेवून काही महिने झालेले. ठेवणाऱ्याचं नाव, आमचंच ते साधं नाव. म्हणजे ती फाईल रोज सकाळी सॉफ्टवेअर सुरू होताना चालत होती. त्या क्षणीही चालू होती.

मला आठवतं, एसीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. मागचं बोलणं ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. त्या नावानं सगळ्यात जास्त काम कोण करायचं? मी. फाईल कुणाला सापडली? मला. हात माऊसवर होता. पुसून टाकावी, कुणाला कळणार नाही, असं मनात येऊन गेलं. लगेच दुसरं मनात आलं, की पुसली तर पुसल्याचीही खूण राहील, आणि तीही त्याच नावानं. मी हात काढून मांडीवर ठेवला. मग उठले, बाहेर आले, जिना उतरून पार्किंगच्या कडुलिंबाखाली उभी राहिले. ऊन चामडी सोलत होतं, तरी अंगावर काटा होता.

माझ्या वडिलांना वसतिगृहातली एक गोष्ट कायम आठवायची. तिथं काही हरवलं की आधी आमच्या समाजाच्या पोरांच्याच पेट्या उघडल्या जायच्या. पेटीत काही निघायचं नाही, पण उघडायचे. त्यामुळं चोरीचा आळ येईल अशा जागी उभंच राहायचं नाही, हे आमच्या घरात लेकरांना जेवणाबरोबर शिकवलं जायचं. मी त्यांनाच फोन लावला. ते टँकरच्या रांगेत होते. मागून गलका ऐकू येत होता.

"बोल की माय. जेवलीस का?"

मी सांगितलं. जमेल तसं, तुटक तुटक.

"तू हात लावलास का त्याला?"

"न्हाई."

"मग लावू नको. आन् साहेबाला एकटीनं जाऊन सांगू नको. चार जण असतील तिथं सांग. तुझा सर कसा हाय?"

"बरे आहेत."

"बरा हाय का, ते आज कळंल," ते म्हणाले. मग जरा थांबून, "घाबरलीस का?"

मी बोलायच्या आत त्यांनीच फोन ठेवला. घागर पुढं सरकवायची वेळ आली असावी.

मी सरांना जिन्यातच गाठलं. फाईलचं ऐकल्यावर ते तसेच मागं फिरले. आम्ही दोघं मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. तिथं हिशोब विभागाचे प्रमुख होते आणि एक वयस्क संचालक. सर धरून वडील म्हणाले तसे चौघे झाले. मी सगळं सांगितलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न मला भीती होती तोच विचारला.

"मॅडम, हे तुम्हालाच कसं सापडलं?"

"मेल आला म्हणून बघितलं, साहेब."

"आणि फाईल ठेवलीय तुमच्याच लॉगिननं?"

"लॉगिन सगळ्यांचं एकच आहे."

"पण बसता तर तुम्हीच ना तिथं?" हिशोब प्रमुख म्हणाले. आवाज चढवून नाही, अगदी सहज. संचालक माझ्याकडं बघत होते. ती नजर मी विसरले नाही. तिच्यात राग नव्हता, फक्त मी कोण, कुठली, याचा अंदाज घेणं होतं.

तेवढ्यात सर बोलले.

"साहेब, त्या लॉगिननं म्याबी बसतो. फाईल ठेवली त्या महिन्यात तर जास्ती मीच बसलो. इचारायचं तर दोघांला इचारा."

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, मशीन बंद केलं तर चालेल का? सर म्हणाले, बंद करून कंपनीचा दुरुस्तीचा प्रोग्राम बसवल्याशिवाय ती फाईल हलणार नाही, ती चालू आहे. पण त्याच आठवड्यात दुष्काळाचं अनुदान शेतकऱ्यांच्या खात्यावर जमा होत होतं. शाखांसमोर उन्हात माणसं बसली होती. बँक बंद म्हटलं असतं तर मुखेडला काचा फुटल्या असत्या. साहेब म्हणाले, कंपनीला फोन लावा, तोवर खोली रिकामी करा, कुलूप लावा, आणि तुम्ही दोघं बाहेर बसा.

खोली रिकामी करायला सर गेले, मागोमाग मी. कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी बातमी आमच्या आधी पोचली होती. बायका डबे अर्धवट झाकून निघाल्या. ड्रायव्हर दारात उभा राहिला.

"मॅडम, म्या फकस्त पत्ते खेळलो."

"काय?"

"त्या कॉम्प्युटरवर. पत्त्यांचा खेळ हाय ना त्यात. तुमी जेवायला जायच्या तवा दोन-तीनदा. आजून कशाला हात लावला न्हाई. लेकरांची आन." तो रडायच्या बेतात होता. "माझं नाव सांगू नका."

मी नुसती मान हलवली. खरं तर त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं, की त्याचं नाव सांगितलं तर माझं मागं पडेल. आलं आणि गेलं. पण आलं होतं.

आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. खोलीला कुलूप, किल्ली साहेबांकडं, आमचे मोबाइल त्यांच्या टेबलावर. पंखा गरम वारा ढकलत होता. आत मशीनचे हिरवे दिवे लुकलुकताना काचेतून दिसत होते. प्रत्येक लुकलुकीला मला वाटायचं, आता कुणाच्या तरी खात्यातून काही चाललंय. ज्या खात्यांवर अनुदान जमा होत होतं त्यात माझ्या मामाचंही खातं होतं.

"सर, तुम्ही तसं का बोललात?" मी विचारलं.

"खरं तेच बोललो." ते पायांकडं बघत होते. "पाय थरथरून राहिले होते माझे. दिसलं का तुमाला?"

मला दिसलं नव्हतं.

संध्याकाळच्या सुमारास साहेबांनी आत बोलावलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडं पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर, हिवाळ्यात आमच्याकडं येऊन गेलेला तरुण.

"अहो, ती फाईल माझी आहे," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं ते असं. तेव्हा उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी बोलवा जोरात होती. तसं झालं तर आमच्या काही शाखा नव्या जिल्ह्यात दाखवाव्या लागणार, म्हणून संचालकांनी आधीच शाखांची विभागणी करून बघायला सांगितलं होतं. सारखं पुण्याहून यायला नको म्हणून त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो रोज सकाळी त्या शाखांच्या खात्यांची एक प्रत वेगळी काढून ठेवायचा. वरचा अधिकार मिळत नव्हता, तेव्हा त्याला तो उघडा फोल्डर सापडला. पुढं जिल्ह्याची बोलवा विरली. प्रोग्राम काढायचा राहून गेला.

"नुकसान काही नाही त्यात," तो म्हणाला.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. संचालक हसले, "म्हणजे जिल्हा झाला न्हाई आन् फाळणी मातर झाली!" चहा मागवला गेला. हिशोब प्रमुखांनी माझ्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

मी फोनकडं वाकून विचारलं, "तुमच्याआधी किंवा नंतर त्या फोल्डरमध्ये आणखी कुणी काही ठेवून काढून घेतलं असेल तर?"



"ते कळायचा मार्ग नाही, मॅडम."

"आणि त्या खात्यांच्या प्रती? त्या कुणी बघितल्या असतील?"

"तेही सांगता येणार नाही."

साहेब म्हणाले, "आता ताणू नका. सापडलं ना कोण ते." आणि फोन बंद केला.

पुढच्या रविवारी शाखा बंद असताना आम्ही मशीन थांबवलं. सरांनी कंपनीनं पाठवलेला दुरुस्तीचा प्रोग्राम बसवला, मी फोल्डरची मुभा काढली, त्या प्रती पुसल्या, प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड केला. मशीन परत सुरू करायचं बटण दाबलं आणि पडदा बराच वेळ काळाच राहिला. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मीही राहिले. मग पडद्यावर एकेक शाखा हिरवी होत गेली. धर्माबाद सगळ्यात शेवटी आली.

त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत मी एकेका शाखेच्या जुन्या नोंदी पडताळत बसले. कुणी सांगितलं नव्हतं. सगळं बरोबर निघालं. तरी एखादी चूक सापडावी असं मला वाटायचं, म्हणजे तिथं तरी थांबता आलं असतं. वडील फोनवर रोज एकच विचारायचे, "तुझं नाव कुठं आलं का?" आणि मी न्हाई म्हटलं की ते बरं म्हणायचे, पण आवाज काही बदलायचा नाही.

खोलीला आता कुलूप असायचं. मे महिन्यात एका दुपारी मी खाली गेले तर ड्रायव्हर पत्र्याच्या शेडखाली बसला होता, रुमाल ओला करून डोक्यावर घेतलेला. पाणी जपून वापरत असावा. रुमाल कडेलाच तेवढा ओला होता.

"वर चला," मी म्हटलं. "व्हरांड्यात दाराच्या फटीतून जरा गार येतं."

तो चटकन उभा राहिला. माझ्यासमोर तो आधी कधी उभा राहत नसे.

"नको मॅडम. माझं काय काम तितं?"

त्यानं बाटली उचलली आणि जाऊन गाडीत बसला. उन्हात तापलेल्या गाडीत, चारी दारं उघडी टाकून.