दादाची कानपिळी

आमच्या दादाला मिशी नव्हती, कारण आमचा दादा ही बाई होती. माझ्या थोरल्या चुलत्यांची पहिली लेक; पाळण्यातलं नाव कलावती. पाठीवर तिन्ही पोरीच झाल्या, तेव्हा चुलत्यांनी हिचे केस कापले, शर्ट-पायजमा घातला आणि घरादाराला सांगितलं, "आजपासून हिला दादा म्हणायचं." तेव्हा ती सात वर्षांची होती.

मग ती दादाच झाली. बाईने औत धरलं तर पाऊस रुसतो, असं आमच्याकडे म्हणतात. दादाने धरलं, पाऊस पडायचा तेवढा पडला. वडवणीच्या बाजारात ती हॉटेलच्या बाकड्यावर ऐसपैस बसून बशीतला चहा ओढायची. कुणी डिवचलं, "मिशी कवा यायची रं दादा?" की म्हणायची, "तुला हाय की. ती औत हाकती का?"

दोन धाकट्या बहिणींच्या लग्नांत कानपिळीला भाऊ म्हणून तीच उभी राहिली. नवरदेवाचा कान लालभडक व्हायचा. "हिला रडवलं तर दुसरा बी पिळीन, पाव्हणं," असा दम द्यायची. मानाचा फेटा मिळाला की दिवसभर डोक्यावरून काढायची नाही. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढत नव्हतं. दादाला कोण उजवणार?

ती वीस वर्षांची असताना चुलतीला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी चुलत्यांनी तिच्या हातात लुगडं ठेवलं. "आता खरा दादा आलाय. तू बाई हो."

ती म्हणाली, "कशी होऊ, आबा? मला येत न्हाई."

मग शिकवणी सुरू झाली. मांडी घालू नको. एवढ्यानं हसू नको. पाऊल लहान टाक. विसाव्या वर्षी तिला चालायला शिकवत होते. लुगड्यात पाय अडकून ती पडायची आणि आम्ही पोरी हसायचो. मीही हसले. सहा महिन्यांत तिला चौसाळ्याच्या एका बिजवराला देऊन टाकलं.

पुढे मी कॉलेजात गेले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, हे मी आजही छाती काढून सांगते. समाजशास्त्राच्या तासाला सर म्हणाले, बाईपण आणि गडीपण समाज घडवतो. वर्गाने ते वहीत उतरवलं. मी उभी राहून म्हणाले, "सर, आमच्या घरी एकीला घडवलं, आणि मग मोडलंसुद्धा." 

मला सख्खा भाऊ नाही. माझ्या लग्नात कानपिळीला चुलत्यांनी आपला सहा वर्षांचा मुलगा पुढे केला. मी बाशिंग बांधलेल्या तोंडानेच म्हणाले, "दादाला बोलवा."

ती चुलीपाशी पोळ्या लाटत होती. हात पुसत आली, डोक्यावर पदर. माझ्या नवऱ्याच्या कानाकडे बघितलं. हात उचललासुद्धा. मग बापाकडे बघून खाली घेतला. पोराचा हात काही कानापर्यंत पोचेना. तिने त्याला कडेवर उचललं, त्याची बोटं आपल्या मुठीत धरली आणि पिळलं.

माझे यजमान अजून विचारतात, "एवढ्याशा लेकराच्या बोटांत एवढा जोर कुठून आला?"

फेटा पोराला बांधला. दादाला मिळाला खण. तो घडी घालून तिने कमरेला खोचला आणि लहान लहान पावलं टाकत चुलीकडे गेली. आता तिचा पाय लुगड्यात अडकत नव्हता.