आंबा न धरण्याचा ठराव

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत शिकलेल्या माणसांची टंचाई नाही. अठ्ठावीस बिऱ्हाडांत अकरा इंजिनियर, चार बँकवाले, दोन प्राध्यापक, एक दंतवैद्य आणि एक कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे मी. एवढ्या डोक्यांनी मिळून एका आंब्याच्या झाडाचं काय केलं, ते सांगतो.

झाड इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. ज्यांच्या जमिनीवर ही इमारत उभी राहिली, त्यांच्या वडिलांनी ते कोय पुरून लावलेलं. झाड लावणाऱ्याचा हा मुलगा, म्हणजे जमिनीचा मूळ मालक, तळमजल्यावर राहतो. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठा असेल, पण सगळी सोसायटी त्याला काका म्हणते. पूर्वी त्यांची भातशेती होती, खाडीकडे मिठागरात वाटा होता. आता शेतावर आम्ही आहोत. जमीन देताना काकांनी बिल्डरला एकच अट घातली होती, झाडाला हात लावायचा नाही. अट तोंडी होती. बिल्डरनं ती पाळली, कारण तेव्हा तिथं पार्किंग काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

नंतर सुचलं. झाडाखाली सहा गाड्या उभ्या राहू लागल्या आणि मे महिन्यात त्यांच्यावर आंबे पडू लागले. आंबा रायवळ, लहान, धागे असलेला. टपावर पडला की फुटतो, आणि त्याचा चीक रंगावर डाग पाडतो. गाड्या बाजूला लावाव्यात, अशी सूचना मी ग्रुपवर टाकली. तिला एक अंगठा आला, तो माझ्या बायकोचा. बाकीच्यांनी उपाय सुचवले. खोडाला खिळा ठोका, फांदीला जुनी चप्पल बांधा, मुळात ताक घाला. चप्पल सुचवणारे गृहस्थ संगणक शिकवतात.

मग सहा गाडीवाल्यांनी लेखी मागणी केली की झाड तोडण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा. सभेत काका उठून उभे राहिले. एवढंच म्हणाले, "आंबा परतो म्हनून झार तोरायचा? मंग पोर रडतं म्हनून त्याला खिरकीतून टाकाल काय?"

कुणी हसलं नाही. सेक्रेटरीसाहेब निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी मधला मार्ग काढला. झाडाला एक हंगाम द्यायचा. तेवढ्यात फळांची गळ थांबली तर झाड राहील, नाही थांबली तर अर्ज जाईल. काका कबूल झाले. दुसरा इलाज नव्हता.

आता गळ थांबवायची कशी? तिथं सगळ्यांना माझी मुलगी आठवली. ती मुंबईत एका प्रयोगशाळेत टोमॅटोवर संशोधन करते. झाड फुलं-फळं कशी धरतं आणि कशी सोडतं, त्यामागे कुठली जनुकं असतात, हा तिचा विषय. तोवर सोसायटीत या विषयाची थट्टाच होती. टोमॅटो का पडतो हे शोधायला पीएचडी लागते का, असं दंतवैद्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं होतं. दात का पडतो हे शोधायला लागते तशीच, एवढं मी म्हणालो.

रविवारी कमिटी आमच्या घरी बसली. मुलीनं फ्रिजमधून देठासकट एक टोमॅटो काढला आणि देठावरची गाठ दाखवली. फळ तुटून पडत नाही, झाड ते सोडतं, असं ती म्हणाली. या गाठीत पेशींचा एक पातळ थर असतो. तो कुठं व्हायचा, हे कळी धरते तेव्हाच जनुकं ठरवून ठेवतात. फळ वाढत असतं तोवर त्यातून एक संप्रेरक देठाकडे वाहत राहतं, आणि तोवर तो थर शांत असतो. हा ओघ आटला की त्याच थरातली दुसरी जनुकं कामाला लागतात, पेशींना धरून ठेवणारा डिंक विरघळतो आणि फळ सुटतं. मोहोर हजारोंनी येतो. सगळ्यांना पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून ते बहुतेक आधीच सोडून देतं. एका जातीच्या टोमॅटोत मात्र एकाच जनुकात बदल झालेला आहे, त्यामुळे ही गाठ होतच नाही आणि फळ देठाला धरून राहतं.

सेक्रेटरीसाहेबांनी टोमॅटो हातात घेऊन निरखला. "हा जीन आपल्या झाडात बसवून मिळेल का? कोटेशन मागवू."

मुलगी हसली नाही, ही माझ्या संस्कारांची कमाल. तिनं सांगितलं की तसं होत नाही. त्या संप्रेरकासारखं औषध बाजारात मिळतं. फळं वाटाण्याएवढी असताना अगदी पातळ करून फवारलं तर गळ थोडी कमी होते. पण त्यानं लहान फळं टिकतील, म्हणजे मे महिन्यात मोठी जास्त होतील, आणि पिकून पडतील तीही जास्तच. गाड्या वाचवायच्या असतील तर आंबे पाडाला लागताच उतरवून घ्या. हे कुणी लिहून घेतलं नाही. "गळ कमी होते" एवढं मात्र सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा अधोरेखित केलं.

कमिटीला सोडायला ती खाली उतरली आणि तळमजल्यावर दारात उभ्या असलेल्या काकांना सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, प्रमाण चुकवू नका. जास्त झालं तर हेच औषध उलट वागतं. बागायतदार फळं विरळ करायला ते वापरतात."

काकांनी मान हलवली. पण फवारणी काकांच्या हातात नव्हती, कमिटीच्या हातात होती.

कल्याणहून बाटली आली. बाटलीवर प्रमाण छापलेलं होतं. झाडाचा घेर आणि पंपाची टाकी धरून मी हिशेब मांडला, तर बाटलीचा जेमतेम विसावा भाग लागत होता. कमिटीत प्रश्न निघाला की उरलेल्या औषधाचं काय. ते कुठं ठेवायचं, कुणाच्या ताब्यात, आणि ऑडिटर विचारेल तेव्हा शिल्लक मालाचा खुलासा कोण देणार? दोघे बँकवाले म्हणाले, मंजूर झालेली वस्तू पूर्ण वापरलेली दाखवणं उत्तम. एका प्राध्यापकांनी निम्मी बाटली सुचवली. मी हिशेब पुन्हा वाचून दाखवला. औषधाचं प्रमाण मतानं ठरत नाही, असंही म्हणालो. मग मतदान झालं. पूर्ण बाटलीच्या बाजूनं पाच, निम्मीच्या बाजूनं एक, छापील प्रमाणाच्या बाजूनं मी. खजिनदारांच्या, म्हणजे माझ्या, म्हणण्याची नोंद घेण्यात आली.

शनिवारी सकाळी फवारणी झाली. सेक्रेटरीसाहेब स्वतः शिडीवर चढले, डोक्यावर हेल्मेट घालून. काका खाली शिडी धरून उभे होते. त्या वर्षी झाड असं लगडलं होतं की वाटाण्याएवढ्या कैऱ्यांनी डहाळ्या वाकल्या होत्या.

आठवड्याच्या आत सगळं खाली आलं. पानं हिरवी, फांद्या धड, आणि जमिनीवर कैऱ्यांचा सडा. मी खाली गेलो तेव्हा काका उकिडवे बसून त्या गोळा करत होते. एवढ्याशा कैरीत कोयही धरलेली नसते, तिचं काही होत नाही. तरी त्यांनी टोपली भरली. मला बघून म्हणाले, "भाऊ, एक पन नाय राहिली." मीही वाकून वेचू लागलो.  ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की या झाडाची जातच कमकुवत, शेवटी सगळं जेनेटिक असतं. त्याला चौदा अंगठे आले.

काका धरून चालले की आता अर्ज जाणार. मुलीनं सेक्रेटरीसाहेबांना मोठा मेसेज लिहिला की दोष झाडाचा नाही, मात्रेचा आहे. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मे आला. झाडावर आंबा नव्हता, त्यामुळे पडलाही नाही. सहाही गाड्यांचे टप लखलखीत राहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडीवाल्यांनी अर्जाची मागणी मागे घेतली. प्रयोग अपेक्षेहून यशस्वी झाला, असं सेक्रेटरीसाहेबांनी जाहीर केलं. वार्षिक सभेत ठराव आला: झाड तोडू नये, आणि दरवर्षी त्याच औषधाची त्याच प्रमाणात फवारणी करावी. सूचक दंतवैद्य, अनुमोदक संगणकवाले. टाळ्या झाल्या. झाड वाचवल्याबद्दल पर्यावरणाचं एखादं बक्षीस मिळतं का, याची चौकशी करायचंही ठरलं.

विरोधात कोण, असं विचारल्यावर पहिला हात काकांचा वर गेला. दुसरा माझा.

सेक्रेटरीसाहेब गोंधळले. "काका, अहो तुमचंच झाड वाचवतोय."

"झार तुमचा," काका म्हणाले. "माझा आंबा होता."

ठराव बहुमतानं मंजूर झाला.

सभेनंतर काका जिना चढून पहिल्यांदाच आमच्या घरी आले. पाणी प्यायले आणि मुलीला म्हणाले, "बाय, याची कोय पेरली तर यो झार परत येल काय?" ती म्हणाली, कोय असती तरी नाही. कोयीतून येणारं झाड दोन झाडांचं मूल असतं, ते आईसारखं निघेलच असं नाही. तेच झाड हवं तर कलम करावं लागेल. मग काकांनी बाजारच्या आंब्यांच्या कोयी रुजत घातल्या, आणि पावसात मुलीनं त्यांना आमच्या जेवणाच्या टेबलावर कोय कलम बांधायला शिकवलं. खाली दुसऱ्याचं मूळ, वर त्यांच्या झाडाची काडी, मध्ये प्लास्टिकची पट्टी. बायकोनं टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि कुणाला चिखलावरून एक शब्द बोलली नाही.

बारा कलमं बांधली, त्यांतली पाच जगली. काकांच्या बहिणीचं शहाडला घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे. पाचही तिथं लावली. खड्डे खणायला मीही गेलो होतो. माती दाबून झाल्यावर मुलीनं काकांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "झाड तेच आहे, म्हणून सवयही तीच असणार. मोहोर भरपूर येईल, बरंचसं गळेल."

काकांनी गुडघ्यावरची माती झटकली. "गलू दे की," म्हणाले.