आभाळमावशी आणि साठ चादरी

तिचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे तिला आभाळमावशी म्हणत. धंदा धुण्याचा, पण मान होता तो आभाळ ओळखण्याचा. ती दोरीवरच्या चादरी काढायला लागली, की समोरच्या माडीवरच्या बायका गाद्या आत ओढायच्या, शिंपी दारातलं कापड उचलायचा. वर बघायची तसदी कुणी घेत नसे. मावशीनं बघितलंय ना, मग झालं!

ही विद्या तिला सासूनं दिली. लग्न होऊन आली, तेव्हा अंगणात बारा दोऱ्या होत्या आणि पश्चिमेला नजर पोचेल तिथवर माळ. सासू म्हणायची, "पाऊस पाहुण्यासारखा असतो गं. लांबून चालत येतो. त्याच्या आधी वारं निरोप घेऊन येतं. ज्याला निरोप कळला, त्याचं धुणं वाळलं." मावशीला तो कळायचा. पलीकडच्या रस्त्यावरच्या बाळंतिणींच्या दवाखान्यातून सकाळी सातला साठ चादरी यायच्या, दुपारी चारला घड्या होऊन परत जायच्या. पस्तीस वर्षांत एक चादर भिजली नव्हती. त्याच कामावर तिनं घर चालवलं, मुलीचं लग्न लावलं.

मग माळावर इमारती उठल्या. वीस-बावीस मजली, अंगभर काचा ल्यालेल्या. पश्चिमेचं आभाळ दोन भिंतींमधल्या फटीएवढं उरलं. मावशी म्हणाली, "फट तर फट. निरोपाला काय दरवाजा लागतो?"

पण त्या साली ती तीनदा फसली. वारं नाही, वास नाही, करकरीत ऊन. आणि अडीचच्या सुमाराला कुणी वरून हंडा पालथा करावा तसा पाऊस. पलीकडची आळी मात्र कोरडी ठणठणीत. तिसऱ्या खेपेला बाळंतिणींना नुसत्या रेक्झिनवर झोपावं लागलं. दवाखान्याच्या मेट्रनबाई स्वतः अंगणात आल्या.

"मावशी, वरचे लोक वाळवायचं यंत्र आणायचं म्हणतायत. मी आठ दिवस मागून घेतलेत. चादरी वेळेवर कोरड्या मिळतील की नाही, तेवढं नक्की सांगा."

 काम जाईल याचं दुःख मावशीला होतंच, पण आभाळानं आपल्याला तोंडघशी पाडलं, हे जास्त सलत होतं.

रविवारी लेक आणि जावई आले. जावई त्याच इमारतींच्या काचा पुसायचा, दोरखंडाच्या पाळण्यात बसून. मावशी त्याला पाठीमागे माकड म्हणायची. त्यालाही ते ठाऊक होतं. चहा पिता पिता तो म्हणाला, "आई, तुम्ही पाहुण्याची वाट बघताय. हा दुपारचा पाऊस कुठून येत नाही. इथंच जन्मतो. मी रोज बघतो."

"म्हणजे तुम्ही शिकवणार मला आभाळ?"

"शिकवत नाही हो. दाखवतो. उद्या वर चला."

"त्या दोरीवर?"

लेक हसत सुटली. "गच्चीवर गं, लिफ्टनं! आणि तुझ्या बारा दोऱ्या, यांची एक. दोघांचंही पोट दोरीवरच आहे."

दुसऱ्या दिवशी लेकीला चादरींवर लक्ष ठेवायला बसवून मावशी गच्चीवर गेली. कठड्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. जावई म्हणाला, "काच, डांबर, सिमेंट सकाळपासून ऊन पितंय. ओली माती नाही, झाड नाही. अंग निवणार कसं? ती धग वर चढते आणि हवेतला ओलावा सोबत ओढून नेते."

एकच्या सुमाराला अगदी डोक्यावर कापसाचं बोंड उकललं. फुगत फुगत गेलं, बुडाशी काळवंडलं आणि वरच्या वाऱ्यानं पूर्वेकडे सरकायला लागलं. पूर्वेला, काडेपेटीएवढं, मावशीचं अंगण होतं.

तिनं फोन लावला. "काढ गं, चादरी काढ!"

"अगं आई, इथं लख्ख ऊन आहे!"

"ऊन राहू दे तिथंच. तू चादरी काढ!"

काही वेळानं अंगणावर पावसाचा पडदा सुटला. गच्चीवर थेंबही नव्हता.  मावशी जावयाला म्हणाली, "बापू, तुमची नजर चांगली आहे." एवढी दाद तिनं त्याला आजवर कधी दिली नव्हती.

पुढचे पाच दिवस ती रोज वर गेली. दोनदा ढग अंगणावर आला, एकदा बाजूनं निघून गेला, दोनदा उगवलाच नाही. भरवसा धरावा असं त्याच्यात काही नव्हतं. पण बाराच्या आत तो एकदाही जन्मला नाही.

आठव्या दिवशी ती मेट्रनबाईंच्या खोलीत गेली.

"मग, चारची खात्री देता?"

"नाही." पस्तीस वर्षांत हा शब्द तिनं त्या खोलीत उच्चारला नव्हता. "दुपारचं आभाळ माझ्या हातात राहिलं नाही, बाई. चादरी आदल्या संध्याकाळी पाठवा. उजाडताच दोरीवर घालते, बाराला तुमच्या दारात आणते."

"आणि सकाळीच पाऊस लागला तर?"

"त्या दिवसापुरतं तुमचं यंत्र. एक लहानसं घ्या."

मेट्रनबाई हसल्या. "यंत्राची शिफारस तुम्ही करताय?"

"भिजलेल्या चादरीपेक्षा बरं."

बाईंनी दारातल्या आयाला हाक मारली आणि आजपासून चादरी संध्याकाळी पाचला गोळा करायला सांगितलं. मावशी लगेच उठली. पाचच्या आत हौद भरून ठेवायचा होता.