परदेशात आलेली चूल

नंतर मी खरोखरच परदेशात गेले. एका थंड देशात दोन वर्षं आमच्या पंथाची सेवा केली. दारं ठोठावली, पत्रकं वाटली, बहुतेक दारं बंद होताना पाहिली. परत आल्यापासून लोक त्या देशाबद्दल विचारतात आणि मी सांगते. पण माझी पहिली परदेशसेवा झाली ती शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याला. श्रद्धेचा कस लागला तोही तिथेच.

हे नीट सांगायला हवं. आमचा पंथ लहान आहे. वाशिंदला नव्या इमारतींच्या मागे पत्र्याचं सभागृह, तेवढंच आमचं मुख्यालय. तिथून दरवर्षी काही तरुण बाहेरच्या देशात पाठवायचं ठरलं, तेव्हा प्रमुखांनी सरावाची अट घातली. जी मुलगी मुरबाडमध्ये परकी होऊ शकत नाही ती समुद्रापलीकडे काय होणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शहापूर तालुक्यातल्या मुलांनी मुरबाड तालुका परदेश मानायचा आणि मुरबाडच्या मुलांनी शहापूर. सहा महिने. दोन तालुक्यांची हद्द ही सीमा, आणि ती ओलांडायची नाही. त्या वर्षी मुरबाडची दोन मुलं आमच्या किन्हवलीच्या बाजूला येऊन घराच्या आठवणीने रडत होती, आणि किन्हवलीच्या बाजूची मी त्यांच्या गावांजवळ राहून रडायचं नाही असं ठरवत होते.

मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही. माझे बाबा कारखान्यातली पाळी सांभाळून पंथाची पत्रकं लिहितात. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'अ' अहंकाराचा, 'आ' आसक्तीचा. चुकीची छापलेली पत्रकं आई पिठाच्या डब्याखाली घालायची, आणि मी डबा उचलून तीही वाचायची. शाळेत बाई म्हणाल्या, अननस म्हण. मी म्हटलं, अननसाने माणसाचं काय बिघडतं? तेव्हापासून माझं मत आहे की नियम गैरसोयीचा असतो तेव्हाच तो नियम असतो. सोयीचा असला तर ती सवलत.

परदेशसेवेच्या नियमांचं पत्रकही बाबांचंच. मी शाळेत होते तेव्हा त्यांनी ते लिहिलं. त्यातला एक नियम असा: 'सेवाकाळात आप्तांचे मुख पाहू नये.' दुसरा: 'सेवकाने घरी फोन करू नये.' तिसरा: 'त्या देशाच्या हवामानास योग्य असा पोशाख सराव काळापासूनच असावा.' देश थंड होता. त्यामुळे ऐन ऑक्टोबरच्या उन्हात मी आणि माझी जोडीदारीण काळे लोकरी कोट घालून टोकावड्याच्या रस्त्यावर फिरायचो.

जोडीदारीण वाशिंदची. तिचे वडील पॅकिंगच्या कारखान्यात. ती माझ्याहून शांत आणि माझ्याहून कडक. आम्ही माळशेजच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यामागच्या खोलीत राहायचो. पहाटे उठून प्रार्थना, मग झाडलोट, मग ढाब्यावरचा चहा, मग वस्त्यांवर फेरी. ढाबा चालवणाऱ्या बाईंना आम्ही काकी म्हणायचो. कोट पाहून पहिल्या दिवशी काकींनी आम्हाला पॅरासिटामॉल दिली होती.

परक्या देशात भाषा सावकाश बोलावी, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. आम्ही मराठीच बोलायचो, पण सावकाश. त्यामुळे लोक आमच्याशी मोठ्याने बोलायचे, बहिऱ्यांशी बोलावं तसं. एका वस्तीत लोकांना आम्ही बचत गटाच्या वसुलीच्या बाया वाटलो, आणि सगळी वस्ती रानात गेली. जोडीदारीण ओट्यावर बसून रिकाम्या अंगणाला प्रार्थना ऐकवत राहिली. कोंबड्या थांबल्या होत्या, त्यांना सोडून कसं जायचं, असं ती म्हणाली. मला ते पटलं.

ती माहितीही काढायची. "तुमच्या देशात पाणी कुठून येतं?" तिने एका म्हाताऱ्याला विचारलं.

"टँकरमधून," तो ओरडून म्हणाला. "तुमच्यात?"

"आमच्यातही टँकर येतो."

"मग कशाला एवढ्या लांब आलाव गो?"

सरळगावच्या बाजारात आमच्या गावचा एक भाजीवाला भेटला. तो आप्तांमध्ये मोडत नाही, म्हणून मी तोंड फिरवलं नाही. तो मला वरपासून खालपर्यंत पाहत राहिला.

"तू परदेशात गेलीस ना गो? आई सगळ्यांना सांगते."

"हो."

"मग इथं काय करतंस?"

"परदेशातच आहे."

त्याने जुडी खाली ठेवली, थोडा विचार केला. "बरं. पगार डॉलरमधी का?"

असं चाललं होतं. पाय दुखायचे, कोटाखाली घामोळं यायचं, पण माझं बरं चाललं होतं. संध्याकाळी प्रार्थनेत मन लागायचं. कोणी ऐकत नसताना बोलत राहायला एक वेगळीच श्रद्धा लागते. ती माझ्यात आहे, हे मला तिथे कळत होतं. मग भात कापून झाला.

आमच्याकडे नवं करतात. नवा तांदूळ भरडून आला की पहिला भात चुलीवर शिजतो. घरात गॅस असला तरी नवं चुलीवर, आणि तेही आपल्या चुलीवर. देवाला, गाईला ठेवून झालं की घरातली कर्ती बाई प्रत्येकाला पहिला घास हाताने भरवते. घरची सगळी माणसं असल्याशिवाय नवं होत नाही, आणि नवं झाल्याशिवाय नव्या तांदळाला कोणी हात लावत नाही. ज्याला सोडून नवं झालं, तो माणूस त्या घरातून सुटला, असं आई मानते. बाबा मानत नाहीत. 'अन्नाविषयीच्या खुळचट समजुती' हे त्यांचं पत्रक मला तोंडपाठ आहे. मीही मानत नव्हते. घरात आम्ही तिघंच, त्यामुळे मानणारी एकटी आई. पण चूल तिची होती.

मी घरी फोन करत नव्हते. आईने काकींना फोन केला. त्याबद्दल नियमात काही नव्हतं. काकी फोन कानाला लावून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुझी आई सांगते, तांदूळ भरडून आणला."

"सांगा, आनंद झाला."

"म्हणते, आनंद शिजत नाय. येतंस कधी?"

"सेवाकाळ संपल्यावर. होळीच्या सुमाराला."

काकींनी बराच वेळ ऐकलं. "म्हणते, जुना तांदूळ संपला. रेशनचा खातोय. गोणी दाराशी उभ्या हायत न् तुझा बाप रेशनचा भात खातो."

"सांगा, माझ्याशिवाय करा. मला काही वाटणार नाही."

हे काकींनी सांगितलं नाही. त्यांनी फोन खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे मी नाय सांगायची. तूच सांग."

"मला फोन करता येत नाही."

"मग राहू दे."

पुढच्या फोनवर कळलं की बाबांनी आईला स्पष्ट सांगितलंय: पोरीने नियम मोडायचा नाही, आणि आपणही तिला मोडायला लावायचा नाही. ते रेशनचा भात ताक घालून खातात. आईने विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, होळीपर्यंत. शेजारीपाजारी विचारतात, तुमचं नवं का झालं नाही. आई सांगते, पोरगी परदेशात आहे, विमान मिळत नाही.

मला बाबांचा अभिमान वाटला. त्या रात्री झोप मात्र लागली नाही. आई 'सुटला' म्हणते म्हणजे काय म्हणते, हे मला पहिल्यांदा नीट समजलं. हे फक्त सरावाचे सहा महिने होते. खरा देश पुढे होता, तिथे दोन वर्षं, आणि तिथून सगळे परत येतातच असं नाही. तिला त्या आधी मला घराला बांधून घ्यायचं होतं, आणि बांधायला तिच्याकडे भात होता. माझ्याकडे पत्रक होतं. दोन्हीतलं एकही मला टाकता येईना.

मी जोडीदारणीला विचारलं. ती म्हणाली, "सीमा ओलांडलीस तर मला सांगावं लागेल."

"ओलांडणार नाही."

"मग प्रार्थना कर."

मी केली. मागितलं काय, तर आईची समजूत पटू दे. उलट झालं. दोन दिवसांनी दुपारी काकी खोलीशी आल्या. "मागं फिर गो, भिंतीकडं तोंड कर. तुझी आई एसटीनं उतरली. चूल घेऊन."

आमची चूल मातीची आहे, उचलता येते. पावसाळ्यात पडवीत नेतो. आईने ती गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. गाडीत एका माणसाने तिला उठून जागा दिली. कंडक्टरने विचारलं, "मावशी, बाळ आजारी आहे काय?" आई म्हणाली, "चूल हाय." कंडक्टर म्हणाला, "मग लगेज लागेल." ज्याने जागा दिली होती तो माणूस सरळगावपर्यंत तिच्याकडे रागाने बघत होता. हे सगळं मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. आई माझ्या पाठीशी बसून सांगत होती.

"आई, तू यायला नको होतंस."

"तुला सीमा हाय. मला कुठं हाय?"

"बाबा?"

"सांगितलं नाय. चूल आन् तांदूळ घेऊन मी निघाले. ते पाळीवरून घरात आले की बघतील, चुलीची जागा रिकामी. येतील."

"ते येणार नाहीत. नियम त्यांचाच आहे."

"येतील गो. तांदूळ माझ्याकडं हाय."

ढाब्यामागच्या अंगणात, सिलिंडरच्या रांगेशेजारी, आईने चूल मांडली. काकींनी जळणाला फाटी दिली. ट्रक ड्रायव्हर जेवण टाकून बघायला आले, आणि एकाने विचारलं, हे ढाब्याचं नवीन काय आहे. मी अंगणाच्या कडेला डोंगराकडे तोंड करून कोट घालून उभी होते. जोडीदारीण माझ्या बाजूला नियमांचं पत्रक उघडून उभी. भात शिजल्याचा वास आला. नव्या तांदळाचा वास वेगळा असतो. त्यात थोडं शेत असतं.

मग काकींचा आवाज आला. "सावकाश. डावीकडं. डावीकडं कोंबडं हाय."

"कोण आलं?" मी विचारलं.

जोडीदारणीने वळून पाहिलं. "तुझे बाबा," ती म्हणाली. "उलटे चालत येतायत."

बाबा बसस्टॉपपासून पाठमोरे चालत आले होते. काकी त्यांच्या कोपराला धरून वाट दाखवत होत्या. मागून एका ड्रायव्हरने विचारलं, "काकांना काय त्रास आहे?" मग माझ्या पाठीला एक पाठ टेकली. कारखान्याच्या गणवेशाची, घामाने ओली.

"मी नियम मोडायला आलेलो नाही," बाबा म्हणाले. आवाज रस्त्याच्या दिशेने गेला.

"माहीत आहे."

"नियमात मुख आहे. पाठीबद्दल मी काही लिहिलं नव्हतं."

जोडीदारणीने पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. "नाही लिहिलेलं," ती म्हणाली. मग पत्रकाची घडी घातली आणि तीही खाली बसली. कोणाकडे पाहावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती चुलीकडे पाहत होती.

आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. माझं तोंड डोंगराकडे, बाबांचं रस्त्याकडे. पानं वाढल्याचा आवाज आला. मग माझ्या खांद्यावरून आईचा हात पुढे आला, राखेने पांढरा झालेला, आणि त्यात दह्यात कालवलेला पहिला घास. हाताबद्दलही नियमात काही नव्हतं. मी तोंड उघडलं. त्या घासाला समजूत म्हणावं की श्रद्धा, हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि एरवी मी सगळं ठरवून टाकते. आई मग पलीकडे वळली. बाबांचं चावणं मला पाठीतून कळलं.

"झालं," आई म्हणाली. "आता जा कुठं जायचं तिथं. तुमची तोंडं तुमच्याजवळ ठेवा. मला दोघांचीही दिसतात."

बाबांनी घास गिळला. मग म्हणाले, "लोकरीचा कोट आहे का गं हा?"

"हो."

"या उन्हात?"

"पत्रकात आहे. हवामानास योग्य पोशाख."

त्यांची पाठ जरा हलली. "लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बर्फ होता," ते म्हणाले. "काढ तो."

"नियम आहे, बाबा."

"आहे खरा."

मी कोट काढला नाही आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. पण पाठ त्यांनी बोटभर पुढे घेतली, मधून वारा जावा म्हणून. आई म्हणाली, भात निवतोय.