कोरं लायसन्स

"गुन्ह्याला सवड लागते," असं म्हणून बाई स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायच्या. मागच्या गाडीनं हॉर्न दिला की हे ठरलेलं. तो चालक चिडून आम्हाला ओलांडून जायचा आणि बाई त्याच्याकडे पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाकडे पाहावं तसं पाहायच्या. "पुरुष. नोंद घ्या, लायब्ररीवाले."

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या एका कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या आणि मी तिथल्या लायब्ररीत होतो. मराठी आम्ही दोघंच. त्या नागपूरच्या, मी पुण्याचा. इतक्या दूर आल्यावर हा फरक मिटेल असं मला वाटलं होतं, तो मिटला नाही. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून त्या रोज मला घेऊन जायच्या. तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर अठ्ठावीसनं. तुम्हीही कधी अशा एखाद्या गाडीमागे अडकून दातओठ खाल्ले असतील. त्या गाडीत मी बसलेला असायचो.

पुरुष जास्त गुन्हे करतात आणि बायका कमी, असं का, हा त्यांचा आवडता धडा. प्रोजेक्टर लावायच्या निमित्तानं मी वर्गात जायचो आणि रेंगाळायचो. मुलीवर घर लक्ष ठेवतं, बाईवर नवरा, सासर, शेजार. मुलगा मात्र रस्त्यावर मोकळा, वर मर्दानगी सिद्ध करायचं ओझं. काही अभ्यासक म्हणतात, बायकाही गुन्हे करतात, पण पोलीस आणि कोर्ट त्यांना दया दाखवून सोडून देतात. इथे बाई थांबायच्या आणि मुलींना सांगायच्या, "कुणी अशी दया दाखवली तर घेऊ नका."

एका सकाळी मी गाडीत बसतो न बसतो तोच म्हणाल्या, "अहो, मी गुन्हेगार झाले."

नवऱ्याच्या नावावर स्पीडिंगची नोटीस आली होती. त्यांचे क्लायंट एम-फोर हायवेवर सगळीकडे विखुरलेले, आणि लायसन्सवर दंडाचे पॉइंट आधीच साठलेले. लायसन्स गेलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर व्हिसा. मग ते म्हणाले, "तुझं लायसन्स कोरं आहे. नुसतं पडून आहे." आणि गाडी आपण चालवत होतो, असं बाईंनी लिहून दिलं.

"कधीची नोटीस?" मी विचारलं.

"मंगळवार सकाळची."

मंगळवारी सकाळी बाई माझ्यासमोर वर्गात उभ्या होत्या आणि बायका गुन्हे कमी का करतात हे सांगत होत्या.

"हे उघडकीला आलं तर तुरुंग आहे, बाई."

"माहीत आहे. वेगापेक्षा खोटं मोठं. म्हणजे बघा, त्यांचा गुन्हा छोटा, माझा मोठा. आमच्या घरातली सगळी गुन्हेगारी आता एकटी बाई सांभाळते. कुठल्या तोंडानं शिकवू?"

शिकवलं मात्र त्याच दिवशी, आणि नेहमीपेक्षा चांगलं.

पुन्हा नोटीस आली. मग आणखी. बाईंचेही पॉइंट भरले आणि लायसन्स जायची वेळ आली, तेव्हा मागच्या हॉर्नला त्यांनी बोटही उचललं नाही. ती गाडी ही त्यांची एकुलती एक स्वतःची जागा होती. घरी सवड नव्हती, कॉलेजात नव्हती. जी होती ती त्या स्टिअरिंगमागे. म्हणूनच बहुधा त्या इतकं हळू चालवायच्या.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो. घरच्या अडचणी सांगा, थोडं रडा, लायसन्स वाचेल, असं वकिलानं आधीच बजावलं होतं. मॅजिस्ट्रेटही मवाळ दिसत होते. संसार आणि नोकरी दोन्ही करताना घाई होणारच, मी समजू शकतो, म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं.

"जरा रडायचं ना," बाहेर आल्यावर मी म्हणालो.

"माझ्या जागी पुरुष असता तर त्याला असं सोडलं असतं का?"

"तुमच्या जागी पुरुषच असायला हवा होता, बाई."

त्या भर रस्त्यात पर्स पोटाशी धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मुलाला मात्र कळू द्यायचं नाही हं. त्याला बाप आहे तसाच चांगला वाटू दे."

त्यानंतर आम्ही बसनं जायला लागलो. लायसन्स परत आलं, पण त्याआधी दुखणं आलं. गाडी त्यांनी पुन्हा हातात घेतलीच नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंना निरोप देऊन क्रेमॅटोरियममधून आम्ही सगळे शेजारच्या हॉलमध्ये चहाला जमलो. मुलगा आता युनिव्हर्सिटीत आहे. आईबद्दल चार शब्द त्यानं हट्टानं मोडक्या मराठीत सांगितले. "आई सगळे रूल्स पाळायची. फक्त तिचा गाडी खूप फास्ट होता. लायसन्स पण गेला होता." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. त्याला घरात हेच सांगितलेलं.

मग तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही रोज तिच्याबरोबर जायचात. भीती नाही वाटला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याचे वडील त्याच्या मागेच उभे होते.

"वाटायची ना," मी म्हणालो. "सीटबेल्ट घट्ट धरून बसायचो."

मुलगा हसला, त्या दिवशी पहिल्यांदाच. त्याच्या वडिलांनी हातातला चहा न पिताच खाली ठेवला.