वाढत्या अंगाची पुस्तकं

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी आयुष्यात कुणालाही मापाचा कपडा शिवून दिलेला नाही. शाळेचे गणवेश शिवणं हा त्यांचा धंदा. मूल समोर उभं करायचं, गळ्यातली टेप काढून छाती, कंबर, उंची घ्यायची आणि मग त्या मापाकडे साफ दुर्लक्ष करून दोन वर्षं पुढचा कपडा बेतायचा. "वाढतं अंग आहे," एवढंच त्या म्हणतात. आया खूश होतात. मुलं बाह्यांच्या आत कुठेतरी असतात.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या माझ्या तिन्ही मुलांना पुस्तकं आणतात. दुकानदारानं वय विचारलं की पंधराचं सतरा सांगतात, अकराचं तेरा, पाचाचं सात. मग पुस्तकाची पाठ बघतात, दोन पानं ओढून पाहतात. "चिकटवलेलं नको, शिवलेलं दाखवा." आत काय लिहिलंय, हा प्रश्न त्यांना आजवर पडलेला नाही.

थोरल्याचं ठीक चाललंय. तो प्रत्येक पुस्तक दोन वर्षांनी वाचतो आणि आवडल्याचं आत्याला दोन वर्षांनी कळवतो. त्यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटत नाही. धाकटा आपल्या पुस्तकावर उभा राहून पंख्याचं बटण दाबतो, म्हणजे त्यालाही पुस्तकाचा उपयोग झाला. प्रश्न मधलीचा होता.

मधली ओळीखाली बोट धरून वाचते. पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचं सगळं हातून निसटलेलं असतं. वर्गात तिची वाचायची पाळी आली की बाकीची मुलं खिडकीबाहेर बघतात. आत्याच्या पुस्तकांची थप्पी तिच्या कपाटात कोरी करकरीत पडलेली. मी एकदा शहाणपणा करून मोठ्या अक्षरांचं, बारीकसं पुस्तक आणलं. त्याच्या मागे 'वय सहा ते आठ' असं छापलं होतं. तेवढं मात्र तिनं एका दमात वाचलं. पुस्तक पलंगाखाली गेलं आणि दोन दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला.

यंदाच्या सुट्टीत नणंदबाईंनी तिला तेराच्या मापाचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. त्या गेल्यावर मधलीनं ते हातात तोललं आणि माझ्याकडे दिलं.

"आत्याला सांग, पुढच्या वर्षीपासून माझ्यासाठी नको आणू. मी ढ आहे. मला नाही येत वाचता."

माझे बूट कुठेयत, असं विचारावं तशा आवाजात. अकरा वर्षांच्या पोरीनं स्वतःचा निकाल लावून टाकला होता आणि आता ती जन्मभर तोच धरून बसणार, हे मला दिसत होतं. ती माझ्यासारखी हट्टी आहे.

मी पुस्तक काखोटीला मारून तडक नणंदबाईंच्या शिवणाच्या दुकानात गेले. शाळा उघडायच्या आधीची गर्दी. जमिनीवर पाऊल ठेवायला जागा नाही, सगळीकडे कॉलर आणि खिसे.

"वन्सं, पुरे झालं तुमचं वाढतं अंग! पोरीनं वाचायचं सोडलं."

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "ढगळ झालं का?"

"ढगळ? बुडली ती त्यात!"

"लहान आणून बघितलंत?"

"बघितलं. फेकलं तिनं."

"फेकणारच. धाकट्या भावाचा शर्ट दिला तर घालेल का?" त्यांनी टीप संपवली, दोरा तोडला. "द्या इकडे. आत घेऊ."

मला वाटलं थट्टा करतायत. पण थट्टा हा प्रकार त्यांच्याकडे नाही. त्यांनी कव्हर सोडवलं, उसवायचा काटा घेतला आणि नव्याकोऱ्या पुस्तकाच्या पाठीतला दोरा कापायला सुरुवात केली. माझ्या तोंडून "अहो!" निघालं, ते त्यांनी ऐकलं नाही. पुस्तकाच्या बारीक बारीक जुड्या सुट्या झाल्या. पहिली जुडी त्यांनी घडीवर टाके घालून शिवली, वर उरलेल्या निळ्या कापडाचं कव्हर घातलं आणि मला दिली. घडी केलेल्या रुमालाएवढी जाड.

"बाकीच्या सवडीनं शिवते. कापड तेच आहे म्हणावं. तेराचंच."

मधलीनं ती उलटसुलट करून पाहिली. मागे वय नव्हतं. ती बाल्कनीत जाऊन बसली. ओळीखाली बोट होतंच, वेळही भरपूर लागला. पण जुडी संपली, आणि पुस्तकातलं काही संपणं तिला नवीन होतं. अडचण एवढीच, की जुडी शिलाईपाशी संपते, गोष्टीपाशी नाही. गोष्टीतली मुलगी दोराला धरून विहिरीत लोंबकळत होती आणि वाक्य तिथेच तुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन आत्याकडे गेली. करड्या कव्हराची जुडी घेऊन आली. त्या आठवड्यात चौकडीची आणली. पुढच्या खेपेला मात्र लालबुंद होऊन रिकाम्या हातांनी परतली आणि थेट स्वयंपाकघरात आली.

"आत्या म्हणते, शिवून नाही झालं! उद्या ये म्हणते!"

मी सकाळीच पडद्याचं कापड द्यायला दुकानात गेले होते. मशीनच्या वरच्या फळीवर सगळ्या जुड्या शिवून, कव्हरं घालून ओळीनं उभ्या होत्या. मी फोन लावला.

"वन्सं, तयार आहेत की!"

"आहेत."

"मग द्या ना तिला."

"उद्या देणार आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पलीकडून मशीन सुरू झाल्याचं तेवढं ऐकू आलं.

इकडे मधलीनं फरशीवर बसकण मारून भोकाड पसरलं. "मला आत्ता वाचायचंय! उद्या नाही, आत्ताच्या आत्ता!" नाक वाहत होतं, पाय आपटणं चालू होतं, धाकटा दारात येऊन बघून गेला.

एरवी तिचं रडणं मला बघवत नाही. त्या दिवशी मी गॅस बंद केला, तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि तिला पोटभर रडू दिलं.